फ्रेंचमधले संयुक्त काळ मराठीच्या वाटेने समजून घेता येतील का?

पश्चिमरेषा :

गेल्या जूनपासून मी चर्चगेटजवळच्या एका संध्याकाळच्या वर्गात फ्रेंच शिकत आहे. कार्यालय फोर्टमध्ये असल्यामुळे सुटल्यावर चालत वर्गाला जाता येते, आणि परतीच्या विरार गाडीत बसायला जागा मिळाली तर बोरिवली येईपर्यंत क्रियापदांची रूपे पाठ होतात. वर्तमानकाळ आणि साधा भविष्यकाळ इथवर सगळे सुरळीत चालले होते. पासे कोंपोझे हा संयुक्त भूतकाळ सुरू झाल्यापासून मात्र मी अडखळू लागले, आणि त्यामागोमाग प्ल्यूस-क-पार्फे, फ्युत्यूर आँतेर्यर, कोंदिस्योनेल पासे अशी संयुक्त काळांची जी रांग लागली, तिच्यात माझा पुरता गोंधळ उडाला आहे.

वर्गात सगळे इंग्रजीतून समजावले जाते. इंग्रजीत 'हॅव' आणि त्यापुढे क्रियापदाचे तिसरे रूप, तसे फ्रेंचमध्ये आव्वार, म्हणजे 'जवळ असणे', हे क्रियापद आणि त्यापुढे पार्तिसीप पासे, असे आम्हाला सांगितले गेले. 'जे माँजे' म्हणजे 'मी खाल्ले', इथपर्यंत हे जुळते. पण 'मी गेले' म्हणायचे असेल तर 'ज स्वी आले' म्हणायचे, म्हणजे शब्दशः 'मी आहे गेलेली' आणि तिथे आव्वारच्या जागी एत्र, म्हणजे 'असणे', का येते, याला 'ही क्रियापदे पाठ करा' यापलीकडे उत्तर मिळाले नाही. (फ्रेंचमध्ये 'आले' म्हणजे 'गेले', हे कानाला सवयीचे व्हायलाच मला आठवडा लागला.)

खरी अडचण मागच्या आठवड्यात आली. 'गेल्या वर्षीचा प्रवास' या विषयावर दहा ओळी लिहायच्या होत्या. मी मनात मराठीत वाक्य जुळवले, 'गेल्या वर्षी मी गणपतीला गुहागरला गेले होते', आणि 'होते' आहे म्हणून इमानदारीने प्ल्यूस-क-पार्फे वापरून 'जेते आले आ गुहागर' असे लिहिले. बाईंनी त्याखाली लाल रेघ ओढून समासात एवढेच लिहिले, 'पुढे काय झाले?' मी पुढे काही झाले नसल्याचे सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, 'मग हा काळ का वापरलास?' दहापैकी सहा वाक्यांत हीच चूक होती. चूक आहे हे कळले, पण ती का आहे हे अजून नीट कळलेले नाही. देल्फ या फ्रेंच प्रमाणपत्राची बी वन पातळीची परीक्षा तोंडावर आली आहे. इथे कोणी हे काळ मराठीतून समजावून देऊ शकेल का?

शब्दवेडी :

पश्चिमरेषा, उत्तर लांबणार आहे, तेव्हा सावकाश वाचा. मी मुंबईतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीच्या मुलांना वीस वर्षे फ्रेंच शिकवत आले आहे. बरीच वर्षे मीही हे काळ इंग्रजीच्या आधाराने शिकवत होते आणि मुले दरवर्षी त्याच त्या चुका करत होती. मग एकदा मराठी माध्यमातून आलेल्या एका मुलीने भर वर्गात विचारले, 'बाई, हा आपला कर्मणी प्रयोगच नाही का?' तिचा प्रश्न पूर्ण बरोबर नव्हता, पण इतका जवळचा होता की त्या दिवसापासून मी या धड्याला फळ्यावर इंग्रजी वाक्य लिहिणे सोडले.

फ्रेंच वाक्ये मीही तुमच्यासारखीच देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिते. जिथे उच्चारात न येणारे अक्षर महत्त्वाचे असेल तिथे तसे सांगेन.

आधी काळांच्या नावांची भीती घालवू. संयुक्त काळाला दोनच भाग असतात. कृदन्त, म्हणजे पार्तिसीप पासे, सांगते की क्रिया पूर्ण झाली, आणि सहायक क्रियापद सांगते की ती कधी पूर्ण झाली. काळ बदलतो तो फक्त सहायकाचा. हे तुम्ही मराठीत रोज करता. 'ती गेली आहे', 'ती गेली होती', 'ती गेली असेल', 'ती गेली असती' या चार वाक्यांत 'गेली' जागचे हललेले नाही, मागचे 'असणे' तेवढे बदलले आहे. फ्रेंचमध्ये हीच चार वाक्ये 'एल ए आले', 'एल एते आले', 'एल सरा आले', 'एल सरे आले' अशी होतात, आणि त्यांची नावे अनुक्रमे पासे कोंपोझे, प्ल्यूस-क-पार्फे, फ्युत्यूर आँतेर्यर आणि कोंदिस्योनेल पासे. एत्र आणि आव्वार या दोन क्रियापदांचे वर्तमान, अँपार्फे (अपूर्ण भूतकाळ), भविष्य आणि कोंदिस्योनेल (आपला संकेतार्थ) पक्के असतील, तर संयुक्त काळांत रूपे म्हणून नवे पाठ करण्यासारखे काही उरत नाही.

आता लिंगवचनाकडे. इंग्रजीतून शिकणारा इथे हमखास फसतो, कारण इंग्रजी कृदन्ताला लिंग नसते आणि त्यामुळे लिंगाचा विचार करण्याची सवयच लागत नाही. आपल्याला ती जन्मापासून आहे. 'तो गेला, ती गेली, त्या गेल्या' असे आपण म्हणतो, आणि एत्रबरोबर फ्रेंच नेमके तेच करते. कर्ता स्त्रीलिंगी असेल तर कृदन्ताच्या शेवटी ई (e) हे रोमन अक्षर लागते, अनेकवचनी असेल तर एस (s) लागते. तुम्ही 'मी गेले' लिहिताना ते ई विसरत असाल, तर मनात इंग्रजी वाक्य आहे असे समजा. मराठी वाक्य मनात असेल तर ते विसरणे अवघड आहे.

आव्वारबरोबर मात्र कृदन्त कर्त्याकडे पाहतच नाही. 'एल आ एक्री ला लेत्र' म्हणजे 'तिने चिठ्ठी लिहिली'. कर्ता स्त्रीलिंगी आहे म्हणून इथे ई लावण्याची चूक माझ्या वर्गात दरवर्षी निम्मी मुले करतात. मराठी माणसाने ती करू नये, कारण आपण 'तिने निबंध लिहिला' म्हणतो, ती बाई आहे म्हणून 'तिने निबंध लिहिली' म्हणत नाही. सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ आला की कर्त्याचा हुकूम चालत नाही, ही जाण आपल्या भाषेतच आहे.

पण मराठीत कर्माचा हुकूम सहसा चालतोच, फ्रेंचमध्ये तो कर्म आधी येऊन गेले असेल तरच चालतो. 'तिने चिठ्ठी लिहिली' या वाक्यात फ्रेंचमध्ये 'लेत्र' हा शब्द कृदन्तानंतर येतो, म्हणून कृदन्त 'एक्री' असेच राहते. 'तिने लिहिलेली चिठ्ठी' म्हणायचे झाले की 'ला लेत्र केल आ एक्रीत' असे होते. चिठ्ठी आधी आली, म्हणून शेवटी ई लागले आणि मुका असलेला त ऐकू येऊ लागला. मी मुलांना सांगते की लिहिताना कृदन्तापाशी थांबा आणि मागे वळून पाहा. 'काय लिहिले?' याचे उत्तर मागे आले असेल तर त्याच्याशी जुळवा, अजून यायचे असेल तर कृदन्ताला हात लावू नका.

तुमच्या लाल रेघेबद्दल रात्री सविस्तर लिहिते. ती चूक मराठी माणसाची खास चूक आहे आणि तिला स्वतंत्र जागा हवी.

आषाढसरी :

शब्दवेडी ताई, तुमचे स्पष्टीकरण पटले, पण एक शंका आहे. तुमच्या म्हणण्याचा अर्थ मी असा घेतला की मराठीत जिथे कर्तरी प्रयोग तिथे फ्रेंचमध्ये एत्र, आणि जिथे कर्मणी तिथे आव्वार. 'मी झोपलो' हा कर्तरी आहे, म्हणून मी 'ज स्वी दोर्मी' म्हटले आणि ते चुकीचे ठरले. 'मी धावलो', 'मी हसलो', 'मी पोहलो' हे सगळे कर्तरीच आहेत आणि या सगळ्यांना आव्वार लागते. मग ही तुलना कितपत धरायची?

शब्दवेडी :

आषाढसरी, शंका योग्य आहे, आणि मी ते आधीच स्पष्ट करायला हवे होते. हा नियम एका दिशेने चालतो, उलट दिशेने चालत नाही. जाणे, येणे, पोहोचणे, निघणे, शिरणे, चढणे, उतरणे, पडणे, राहणे, परतणे, होणे, जन्मणे, मरणे, ही एत्र घेणाऱ्या यादीतली क्रियापदे मराठीत कर्तरीच आहेत. पण मराठीतल्या प्रत्येक कर्तरी क्रियापदाला एत्र मिळत नाही.

यादी पाठ करण्यापेक्षा तिच्यातला धागा पकडा. तुम्ही कसे हललात एवढेच जे क्रियापद सांगते, ते आव्वार घेते. चालणे, धावणे, पोहणे, उडी मारणे, प्रवास करणे ही सगळी त्यात आली, म्हणून 'जे कुरू' म्हणजे 'मी धावलो'. तुम्ही एका जागेवरून दुसरीकडे पोहोचलात किंवा एका अवस्थेतून दुसरीत गेलात असे जे सांगते, ते एत्र घेते. धावून झाल्यावरही माणूस तोच असतो, पण जन्मल्यावर किंवा मेल्यावर तो आधीचा राहत नाही. 'रेस्ते', म्हणजे राहणे, हे एक या तर्कात बसत नाही, कारण त्यात कोणी कुठेच जात नाही. ते वेगळे लक्षात ठेवावे लागते. शाळांतून 'एत्रचे घर' म्हणून एक चित्र दाखवतात, त्यात दारातून शिरणारा, जिना चढणारा, खिडकीतून पडणारा असे सगळे असतात, आणि घरात नुसता थांबलेलाही एक असतो. तो हा.

याच यादीतली काही क्रियापदे कर्म मिळाले की आव्वारकडे जातात, आणि तिथे मराठी फार उपयोगी पडते, कारण आपल्याकडे त्यासाठी निराळे क्रियापद असते. 'ज स्वी देसाँद्यू आ दादर' म्हणजे 'मी दादरला उतरले', आणि 'जे देसाँद्यू ले साक' म्हणजे 'मी पिशव्या उतरवल्या'. 'ज स्वी सोर्ती' म्हणजे 'मी बाहेर पडले', आणि 'जे सोर्ती ला पुबेल' म्हणजे 'मी कचऱ्याचा डबा बाहेर काढला'. उतरणे आणि उतरवणे, चढणे आणि चढवणे, निघणे आणि काढणे या जोड्या मनात ठेवा. फक्त 'मी जिना चढले' या वाक्यापाशी सावध राहा. मराठीत ते कर्तरी आहे, पण फ्रेंच जिन्याला कर्म मानते, म्हणून 'जे मोंते लेस्काल्ये'.

जाता जाता, 'जे पासे लेग्झामँ' म्हणजे 'मी परीक्षा दिली' एवढेच. पास झाल्याचे सांगण्यासाठी 'रेयुसीर' हे क्रियापद आहे. निकालाच्या दिवशी आनंदाने चुकीचे वाक्य सांगणारी मुले मी पाहिली आहेत.

जुनापूल :

मी निवृत्त आहे आणि भाषांचा इतिहास वाचणे हा माझा छंद आहे, म्हणून थोडी भर घालतो. त्या विद्यार्थिनीला कर्मणी प्रयोग आठवला यामागे कारण आहे.

लॅटिनमध्ये 'हाबेओ एपिस्तुलाम स्क्रिप्ताम' अशी रचना होती. तिचा मूळ अर्थ 'माझ्याजवळ लिहिलेले पत्र आहे' असा. त्यात 'लिहिलेले' हे पत्राचे विशेषण होते, म्हणून ते पत्राशी जुळत असे. हळूहळू 'जवळ असणे' हा अर्थ झिजला, 'मी पत्र लिहिले आहे' असा नवा अर्थ आला, आणि फ्रेंचचे आव्वार हे निव्वळ सहायक होऊन बसले. कर्माशी जुळण्याची जुनी खोड मात्र अर्धी राहिली.

मराठीने वेगळ्या बाजूने येऊन तेच गाव गाठले. 'मया ग्रन्थः पठितः', म्हणजे 'माझ्याकडून ग्रंथ वाचला गेला', या संस्कृत कर्मणी कृदन्तापासून आपला भूतकाळ घडला. जुन्या मराठीत 'म्यां केले' लिहीत, त्यातला 'म्यां' तृतीयेचाच आहे. म्हणून 'मी पोळी खाल्ली' यात आजही पोळीचे लिंग चालते. आपल्या भाषेची ही घडण सविस्तर मांडणारा एक पायाभूत ग्रंथ ज्यूल ब्लोक या फ्रेंच पंडिताने फ्रेंचमध्ये लिहिला आणि पुढे त्याचे मराठी भाषांतर झाले, याचा उल्लेख या धाग्यावर व्हावा असे मला वाटले.

कर्म आधी आले तरच जुळवायचे, हा नियम सोळाव्या शतकात क्लेमाँ मारो या कवीने पद्यात मांडला. तो राजा पहिला फ्राँस्वा याच्या दरबारातला. पुढे असलेला शब्द मागून येणाऱ्यावर सत्ता चालवतो, असा त्याचा आशय होता आणि दाखला त्याने इटालियन भाषेचा दिला. तेव्हापासून या नियमावर वाद आहेत. १९९०च्या लेखनसुधारणेत 'लेसे', म्हणजे 'करू देणे', या क्रियापदापुढे दुसरे क्रियापद आले तर त्याचे कृदन्त न बदलण्याची शिफारस झाली. २०१८ मध्ये बेल्जियमच्या फ्रेंच भाषक भागातून तर आव्वारबरोबर कृदन्त कधीच बदलू नये, असा प्रस्ताव पुढे आला. परीक्षा देणाऱ्याने अर्थातच आज शिकवला जातो तो नियम पाळावा.

शब्दवेडी :

जुनापूल काका, लॅटिन वाक्याबद्दल मनापासून आभार. उद्या ते फळ्यावर लिहीन.

आता पश्चिमरेषांच्या 'पुढे काय झाले?' या प्रश्नाकडे येते.

मराठीत 'होते' आपण फार मोकळ्या हाताने वापरतो. 'मी काल तुला फोन केला होता', 'ते मागच्या महिन्यात आमच्याकडे आले होते', 'लहानपणी मी एकदा राणीच्या बागेत हरवले होते'. या वाक्यांत दुसरी कोणतीही घटना नाही. 'होते' इथे एवढेच करते की ती गोष्ट आजपासून थोडी दूर, मिटलेल्या कप्प्यात ठेवते. 'मी काल फोन केला' आणि 'मी काल फोन केला होता' यांत आपल्याला सूक्ष्म फरक जाणवतो, पण दोन्ही वाक्ये आपापल्या जागी पूर्ण असतात.

फ्रेंच प्ल्यूस-क-पार्फे असा एकटा उभा राहत नाही. त्याला भूतकाळातच दुसरी खुंटी लागते, आणि तिच्याही मागे जी घटना घडून गेलेली असते, तिच्यासाठी हा काळ आहे. 'काँ ज स्वी आरिव्हे आ दादर, ल त्रँ एते देजा पार्ती', म्हणजे 'मी दादरला पोहोचले तेव्हा गाडी सुटून गेली होती'. इथे पोहोचणे ही खुंटी आहे आणि गाडी सुटणे तिच्या मागचे. तुमच्या गुहागरच्या वाक्यात बाईंना 'तू गेली होतीस' इथपर्यंत ऐकू आले आणि त्या खुंटीची वाट पाहत राहिल्या. म्हणून त्यांनी पुढे काय झाले असे विचारले. त्या वाक्याचे सरळ फ्रेंच 'ज स्वी आले आ गुहागर' एवढेच.

मी मुलांना एक कसोटी देते. मराठी वाक्यात 'त्याआधीच' हा शब्द घालून पाहा. 'मी पोहोचले, गाडी त्याआधीच सुटली होती' हे सहज बसते, तर प्ल्यूस-क-पार्फे वापरा. 'गेल्या वर्षी मी त्याआधीच गुहागरला गेले होते' म्हटल्यावर 'कशाच्या आधी?' असा प्रश्न मनात आला, तर पासे कोंपोझेवर थांबा.

आणि 'गेले आहे' व 'गेले' यांतला फरक पासे कोंपोझे दाखवत नाही. 'एल ए पार्ती' म्हणजे 'ती गेली' आणि 'ती गेली आहे' ही दोन्ही. 'कालच' किंवा '१९९५ साली' असा नेमका वेळ सांगितला तरी हा काळ चालतो, जो इंग्रजीच्या 'हॅव'ला चालत नाही. इंग्रजीच्या आधाराने शिकणाऱ्यांची ही दुसरी मोठी अडचण, आणि मराठीतून आलात तर ती उद्भवतच नाही.

चालू असलेली पार्श्वभूमी किंवा सवय सांगायची असेल, म्हणजे 'पाऊस पडत होता', 'आम्ही दर रविवारी चौपाटीला जायचो', तर तिथे संयुक्त काळ नको, अँपार्फे हवा. 'पडत होता' मधला 'होता' पाहून गोंधळू नका. 'त' आणि 'होता' असेल तर अँपार्फे, 'ला' आणि 'होता' असेल तर वरची कसोटी.

कुर्ल्याचा_प्रवासी :

मी कॅनडासाठी तेफ या फ्रेंच भाषेच्या परीक्षेची तयारी करतो आहे. माझा प्रश्न व्यवहाराचा आहे. कृदन्ताच्या शेवटचे ई आणि एस बहुतेक वेळा ऐकूच येत नाहीत, तर बोलण्याच्या परीक्षेसाठी त्यांच्यावर इतका वेळ घालवावा का? आणि 'मला माहीत असते तर मी आलो असतो' हे वाक्य मी चार वेळा चुकलो आहे, त्यात नेमके काय होते?

शब्दवेडी :

'आले', 'पार्ती', 'देसाँद्यू' अशा स्वरान्त कृदन्तांत फरक ऐकू येत नाही, हे खरे आहे. पण रोजच्या वापरातली अनेक क्रियापदे मुक्या व्यंजनाने संपतात आणि ई लागले की ते व्यंजन बोलू लागते. 'फे' चे 'फेत', 'प्री' चे 'प्रीझ', 'मी' चे 'मीझ', 'उव्हेर' चे 'उव्हेर्त', 'मोर' चे 'मोर्त'. 'मी काढलेले फोटो' म्हणताना 'ले फोतो क जे प्रीझ' म्हणालात, तर ऐकणाऱ्याला तुमची भाषेवरची पकड लगेच जाणवते. तेव्हा करणे, घेणे, ठेवणे, उघडणे, लिहिणे, सांगणे एवढ्यांचे स्त्रीलिंगी रूप जिभेवर बसवा. बाकीचे लेखनाच्या परीक्षेसाठी.

दुसऱ्या प्रश्नात चूक मराठीच्या साच्यामुळे होते. 'माहीत असते तर आलो असतो' यात दोन्हीकडे 'असणे'चे एकच रूप आहे, म्हणून आपण फ्रेंचमध्येही दोन्हीकडे कोंदिस्योनेल घालतो आणि 'सी जोरे स्यू' म्हणतो. फ्रेंचमध्ये 'सी', म्हणजे 'जर', याच्या बाजूला प्ल्यूस-क-पार्फे येतो आणि परिणामाच्या बाजूला कोंदिस्योनेल पासे, म्हणून 'सी जाव्हे स्यू, ज सरे व्हन्यू'. फ्रान्समधली लहान मुलेही ही चूक करतात, म्हणून त्यांच्या शाळेत 'ले सी नेम पा ले रे' असे घोकवून घेतात. 'सी'ला 'रे'ने संपणारी रूपे आवडत नाहीत, असा त्याचा अर्थ.

याच काळाचा एक उपयोग बातम्या ऐकताना लागेल. 'ल मिनिस्त्र ओरे देमिस्योने' याचा अर्थ 'मंत्र्यांनी राजीनामा दिला असता' असा नाही, तर 'मंत्र्यांनी राजीनामा दिला म्हणे' असा आहे. बातमीला दुजोरा मिळालेला नाही, हे त्या एका 'ओरे'ने सांगितले जाते. आपला 'म्हणे' नेमका तिथेच बसतो.

आषाढसरी :

नकाराची जागा कोणती? मी 'ज न स्वी आले पा' म्हणालो तेव्हा मला थांबवले गेले.

शब्दवेडी :

मराठीत 'नाही' शेवटी येते म्हणून तसे होते. फ्रेंच नकार सहायक क्रियापदाला दोन्ही बाजूंनी धरतो आणि कृदन्त बाहेर राहते, म्हणून 'ज न स्वी पा आले'. 'देजा' म्हणजे 'आधीच' हा शब्दही तसाच मध्ये बसतो. पण 'पेर्सोन', म्हणजे 'कोणीही नाही', हा कृदन्तानंतर येतो, जसे 'ज ने व्ह्यू पेर्सोन'.

पश्चिमरेषा :

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस गाडीत हाच धागा वाचत होते. एका ठिकाणी अजून अडते आहे. आत्मवाचक क्रियापदांना सरसकट एत्र लागते, मग 'एल से लाव्हे', म्हणजे 'तिने अंघोळ केली', याला ई लागते, आणि 'एल से लाव्हे ले मँ', म्हणजे 'तिने हात धुतले', याला लागत नाही, असे का?

शब्दवेडी :

कारण या क्रियापदांचे एत्र वरवरचे आहे, आतून ती आव्वारचाच नियम पाळतात. 'काय धुतले?' हे विचारा. पहिल्या वाक्यात उत्तर 'स्वतःला' आहे आणि ते कृदन्ताआधी येऊन गेले, म्हणून जुळवायचे. दुसऱ्यात उत्तर 'हात' आहे आणि ते नंतर येते, म्हणून जुळवायचे नाही. 'त्या एकमेकींशी बोलल्या' याचे 'एल स सों पार्ले' होते, तिथेही काही लागत नाही, कारण 'शी' हा प्रत्ययच सांगतो की हे कर्म नव्हे.

इथे मराठीची एक मर्यादा मात्र आहे. आपला 'ला' दोन्हीकडे लागतो. 'मी तिला पाहिले' आणि 'मी तिला सांगितले' ही वाक्ये वरून सारखी दिसतात, पण फ्रेंचमध्ये पहिल्यातली 'ती' कर्म आहे आणि दुसऱ्यातली नाही. अशा वेळी 'ती पाहिली गेली' आणि 'ती सांगितली गेली' असे करून पाहा. पहिले चालते, दुसरे चालत नाही. जिथे चालते तिथे 'ती' हे कर्म आहे आणि कृदन्त तिच्याशी जुळवायचे.

पश्चिमरेषा :

आता नीट समजले. गुहागरचा निबंध नव्याने लिहिला आहे, त्यातल्या चार ओळी तपासाल का?

'ज स्वी आले आ गुहागर. काँ नू सोम आरिव्हे, मे कुझँ आव्हे देजा अँस्ताले लीदोल. सेते लीदोल क मोनोंक्ल आव्हे पँत. जे रेस्ते सँक जूर.' म्हणजे 'मी गुहागरला गेले. आम्ही पोहोचलो तेव्हा माझ्या चुलतभावांनी मूर्ती आधीच बसवली होती. काकांनी रंगवलेली ती मूर्ती. मी पाच दिवस राहिले.'

शब्दवेडी :

पहिली तीन वाक्ये निर्दोष आहेत. 'आव्हे देजा' बरोबर जागी आले आहे, आणि मूर्ती फ्रेंचमध्येही स्त्रीलिंगी असल्यामुळे 'पँत' मधला त तुम्ही ऐकू आणलात, ते विशेष आवडले. चौथ्या वाक्यात घरात थांबलेला माणूस विसरलात. तिथे 'ज स्वी रेस्ते' हवे, आणि लिहिणारी तुम्ही असल्यामुळे शेवटी ई हवे.

मूर्ती कोणी रंगवली ते ठाऊक नसेल आणि नुसता अंदाज करायचा असेल, तर फ्युत्यूर आँतेर्यर वापरा. 'मोनोंक्ल लोरा पँत', म्हणजे 'काकांनी ती रंगवली असेल'. या काळाचा दुसरा उपयोग भविष्यातला आहे, 'काँ जोरे फिनी, ज तापेलरे', म्हणजे 'माझे झाले की तुला फोन करते'. आपण तिथे 'झाले की' म्हणून भूतकाळ वापरतो, पण फ्रेंचला दोन्ही बाजूंना भविष्यच लागते. हे 'जोरे' आणि कोंदिस्योनेलचे 'जोरे' कानाला जवळजवळ सारखेच लागतात. लिहिताना कोंदिस्योनेलच्या शेवटी एस येतो, भविष्याच्या शेवटी येत नाही, एवढे परीक्षेत पाहून घ्या.